एका नाकात तीन फ्लू

शनिवारी सकाळी क्वेराल्ट रेमेईच्या कचेरीत शिरली, पण बसायला तयार नव्हती.

"माझ्या चाचणीला खोटारडी ठरवलंय. आज संध्याकाळपर्यंत खरं काय ते शोध, नाहीतर डॉक्टर पुच माझं यंत्र मंडळाबाहेर काढतायत. मग कुठलाही दवाखाना ते दारात उभं करणार नाही."

रेमेई खासगी गुप्तहेर. तिचा मेहुणा फेलिउ पेशानं बेकरीवाला, हौसेनं तिचा मदतनीस. तो बदामाचे गोळे चघळत ऐकत होता.

गावचं मंडळ मानवी मनोरे रचतं. हंगामातला शेवटचा, नऊ थरांचा मनोरा रविवारी होता. तळाला शेकडो माणसं एकमेकांच्या मानेवर श्वास टाकत उभी राहतात, म्हणून गेल्या वर्षी फ्लूनं अर्धं मंडळ झोपवलं होतं. तेव्हापासून तळाच्या माणसांच्या नाकातला नमुना क्वेराल्टनं घडवलेल्या यंत्रात जातो. यंत्र विषाणूची जनुकं शोधतं आणि तासाभरात सांगतं. काल त्यानं ओलेगेरला फ्लू सांगितला. ओलेगेर सगळ्यात खालचा. अख्खा मनोरा त्याच्या खांद्यांवर.

"ताप आहे त्याला?" रेमेईनं विचारलं.

"साधी शिंकही नाही. आणि यंत्र प्रकार वेगवेगळे दाखवतं. 'ए'चे दोन, 'बी'चा एक. तिन्ही सापडले."

"म्हणजे फारच आजारी दिसतो," फेलिउ म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, यंत्र बिघडलंय. मी नुसतं पाणी घालून पाहिलं. काही सापडलं नाही. माझं यंत्र ठणठणीत आहे."

डॉक्टर पुच मंडळाचे प्रमुखही होते. रेमेईनं त्यांना दवाखान्यात गाठलं. "नमुना मी स्वतः घेतला. सगळ्यांदेखत दुसऱ्यांदाही घेतला. पुन्हा तेच तीन. एका नाकात एकदम तीन फ्लू मी आयुष्यात पाहिले नाहीत."

"लस?"

"मोठ्यांना रविवारनंतर टोचणार आहे. मनोऱ्याआधी दंड दुखायला नकोत."

ओलेगेर नसला तर त्याची जागा गेर्वासीला मिळणार होती. तो द्राक्षमळ्यात सापडला.

"हवीय मला ती जागा," तो सरळ म्हणाला. "पण अशी मिळवली तर गाव तोंडात शेण घालेल. आणि त्याच्या नाकात मी काही घालणार कसं, तो झोपलेला असताना?"

"हाच तो," फेलिउ बाहेर पडताच कुजबुजला.

"तुला सगळेच 'हाच तो' वाटतात."

ओलेगेरनं दार उघडलं, पण नजर चुकवली. "जाऊ दे ना. गेर्वासीला उभं करा."

मागे त्याची चार वर्षांची ओना दवाखाना खेळत होती. फेलिउ खाली बसला. "सशाला इंजेक्शन देतेस?"

"सुई नसतेच, काका." तिनं नळी आधी अस्वलाच्या नाकाला लावली, मग सशाच्या.

"अस्वल आधी का गं?" रेमेईनं विचारलं.

"ससा घाबरतो ना."

"आणि हे करायचं कुणी शिकवलं?"

"रोसेर आत्यानं. ती शाळेत नर्स आहे."

ओलेगेरनं तिला घाईघाईनं आत पाठवलं.

संध्याकाळी तालमीच्या खोलीत सगळे जमले. रेमेई उभी राहिली.

"यंत्र बिघडलेलं नाही, पाण्यानं ते सिद्ध केलं. नमुना कुणी बदलला नाही, दुसरा सगळ्यांदेखत घेतला. म्हणजे ते तीन विषाणू खरंच या नाकात आहेत. आजारानं तीन एकदम येत नाहीत. पण एका ठिकाणी ते मुद्दाम एकत्र घातलेले असतात: मुलांच्या नाकात फवारतात त्या लशीत. दुबळे केलेले, पण जिवंत."

"ती मोठ्यांना देत नाहीत," पुच म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत. ससा घाबरला होता, डॉक्टर. म्हणून अस्वलानं आधी घेतली."

ओलेगेर पुढे आला. "ओना माझा हात सोडेना. 'बाबा, तू आधी,' म्हणाली. एक मूल गैरहजर होतं, त्याचा डोस उरला होता. रोसेरनं मला दिला. बोललो असतो तर बहिणीची नोकरी गेली असती." तो क्वेराल्टकडे वळला. "म्हणून तुझ्या यंत्रावर आळ येऊ दिला. चुकलो."

"तपासते," क्वेराल्ट एवढंच म्हणाली. तासाभरात तिनं लशीतल्या विषाणूंशी नमुना जुळवून दाखवला. तिन्ही जुळले.

पुचनी चष्मा काढला. "रोसेरला मी रागवेन, नोकरी घालवणार नाही. ओलेगेर, तू आजारी नाहीस आणि या दुबळ्या विषाणूंचा धडधाकट माणसांना धोका नगण्य. उद्या उभा राहा. आणि क्वेराल्ट, मी तुझी माफी मागतो. तुझं यंत्र माझ्यापेक्षा नीट बघतं."

रविवारी चौक गच्च भरला. ओलेगेर जागेवर आला आणि थांबला.

"माझ्या पाठीला टेकून कोण उभं राहणार ते मी ठरवतो. क्वेराल्ट, इकडे ये."

"मी कधी उभी राहिले नाही."

"काल अख्खं गाव तुला ढकलत होतं, तू हलली नाहीस. तसंच उभं राहायचं."

रेमेईचा ऊर भरून आला, आणि तिनं ते लपवलं नाही.

नऊ थर चढले, आणि उतरलेही. ओलेगेरच्या पाठीला छाती भिडवून उभ्या क्वेराल्टला त्यातलं काहीच दिसलं नाही. तिला फक्त हातात धरलेले त्याचे खांदे थरथरताना जाणवले, आणि शेवटचा माणूस खाली येईपर्यंत तिनं ते सोडले नाहीत.