अख्खा नारळ

गाझियाबादेत शेंडीचा नारळ मिळवायचा म्हणजे अर्धी सकाळ खर्ची पडते. देवळाबाहेरच्या गाडीवाल्याने आधी शहाळं पुढे केलं, मग सोललेला गोटा. शेवटी पोत्याच्या तळाशी एक शेंडीवाला निघाला. स्वानंदीने तो कानाशी धरून हलवला. पाणी भरपूर होतं. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, आणि सासरी तिने आपणहून मागून घेतलेलं हे पहिलंच काम.

निमित्त बोटीचं. सुधन्वाने, तिच्या नवऱ्याने, मानेसरच्या एका शेडमधून जुनी बोट विकत आणली होती. मासे धरा, खाडीत भटका, बाकं आडवी केली की झोपा, पोहायचं असेल तर मागे शिडी, असली सर्वगुणसंपन्न. जन्म दिल्लीतला, नोकरी केंद्र सरकारातली, आणि समुद्राचं वेड मात्र असं, की लग्न ठरताना त्याने मुलीआधी तिचं गाव विचारलं होतं. गणपतीला बोट गाडीमागे जोडून हर्णैला, स्वानंदीच्या माहेरी न्यायची आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असा बेत होता. तोवर बोट ट्रॉलीवर चढून सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी राहिली. सासरे सूर्यकांतराव म्हणाले, एवढ्या लांब कशाला, यमुनेच्या फेसावर नुसती ठेवली तरी तरंगेल.

नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा केली. स्वानंदी हळूच म्हणाली, की आमच्याकडे नव्या होडीचा नारळ फोडत नाहीत. तो अख्खाच्या अख्खा, दोन्ही हातांनी समुद्रात सोडतात. तो त्याचा. त्यातलं आपण खायचं नाही.

"अगं, इथे समुद्र कुठून आणू?" अलकनंदाबाई, तिच्या सासूबाई, हसल्या. "कारचा फोडला तसाच हिचा फोडायचा. चलो, सुधन्वा."

सुधन्वाने बोटीच्या तोंडाशी नारळ फोडला. संध्याकाळी नारळीभात झाला. नव्या सुनेने भाताला नाही म्हणायचं नसतं. स्वानंदीने दोनदा वाढून घेतला. खोटं कशाला, झालाही छान होता.

आधी वास आला. बेसमेंटमध्ये एरवी डिझेलचा आणि कोंदट सिमेंटचा वास असतो. आता त्याच्याखाली काहीतरी वेगळंच होतं. सुकत घातलेली जाळी, शेवाळ, ओली वाळू. माहेरच्या अंगणातला वास. स्वानंदीला वाटलं, आपल्याला आठवण येतेय. नव्या सुनांना येतेच.

मग रेघ दिसली. ट्रॉलीच्या चाकांवर ओलीची सरळ रेघ, खाली ओलं, वर कोरडं. जमीन मात्र ठणठणीत. अष्टमीला रेघ खाली गेली आणि तिथून रोज थोडी थोडी वर चढू लागली. अष्टमीला भरती लहान, पौर्णिमा-अमावास्येला मोठी. त्या दोन दिवशी भरदुपारी आणि मध्यरात्री समुद्र काठोकाठ, आणि संध्याकाळी पार आत गेलेला. हर्णैच्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. सुधन्वाला तिने रेघ दाखवली. तो म्हणाला, पाइप गळत असेल यार. पण आता तो ऑफिसातून आला की वर यायच्या आधी तासभर बोटीत जाऊन बसायचा. जेवताना भिंतीकडे बघायचा. हाक मारली की जरा उशिराने वळायचा.

पिठोरी अमावास्या उजाडली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सुधन्वा सामान ठेवायला खाली गेला तो दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आलाच नाही. स्वानंदी उतरली. हातात पिशवी, पिशवीत सकाळीच गुपचूप आणून ठेवलेला दुसरा नारळ.

बेसमेंटमधली एकच ट्यूब जळत होती. बोट डुलत होती. सावकाश, नांगरलेल्या होडीसारखी. ट्रॉलीची चाकं जागची हलली नव्हती.

"सुधन्वा, वर चल. पानं घेतलीयेत."

"येतो… कशी डुलतेय बघ ना. मस्त वाटतंय."

"आधी उतर."

त्याने शिडीवर एक पाय टाकला. खाली पाहिलं. पाय परत घेतला.

"खोल आहे," तो शांतपणे म्हणाला. "तळ लागत नाहीये…"

शिडीखाली पार्किंगचा पिवळा पट्टा होता, त्यावर ऑइलचा वाळलेला डाग. स्वानंदी पुढे झाली तशी पोटऱ्यांना गार लागलं. मग गुडघ्यांना. साडी कोरडीच. तिने नारळ दोन्ही हातांत घेतला, वाकली, आणि लहानपणापासून पाहिलं होतं तसा अलगद खाली सोडला.

तो जमिनीवर आपटला नाही. घरंगळलाही नाही. शेंडी वर करून, हेलकावे खात, दोन गाड्यांच्या मधून पलीकडच्या अंधारात निघून गेला.

ट्रॉलीच्या स्प्रिंगा करकरल्या. बोट थांबली. सुधन्वा शिडी उतरून आला, हात झटकले, आणि लिफ्टमध्ये स्वतःच म्हणाला, बोट विकून टाकू. हर्णैला आपण ट्रेनने जाऊ. बिल्कुल पक्कं. त्याने तिच्याकडे नीट बघून म्हटलं. त्या दुपारी स्वानंदी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

जाग आली ती खवणीच्या आवाजाने. खर्र… खर्र…

स्वयंपाकघरात अलकनंदाबाई बसल्या होत्या. परातीत पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग.

"यांना खाली गाडीमागे सापडला," त्या म्हणाल्या. "शेंडीसकट, अख्खा. इथे असा मिळतो का कुठे? वाया कशाला घालवायचा?"

"जरा खारट आहे," सूर्यकांतराव तुकडा चघळत म्हणाले, "पण गोडच म्हणायचा."

स्वानंदी बाहेरच्या खोलीत आली. सुधन्वा सोफ्यावर बसला होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुरतडलेलं खोबरं. दोन्ही पाय त्याने वर, सोफ्यावर घेतले होते. नजर फरशीवर होती.

"स्वानंदी," तो हळूच म्हणाला, "पाय वर घे…"

घर चौथ्या मजल्यावर होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळचे सहा. अमावास्येला ही वेळ ओहोटीची असते. भरती मध्यरात्री.