दाराचा सेन्सर

खरं सांगतो, ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाबरोबर घडली आहे, आणि दादाला थापा मारता येत नाहीत.

अमावस्येची रात्र, स्मशान, असलं काही यात नाही. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी. कारखान्याच्या चाचणी विभागात दादा एकटाच स्क्रीनसमोर बसला होता.

तिथे मोठ्या पंख्यांची चाकं जाड भिंतींच्या खोलीत वेगाने फिरवून बघतात. जागोजागी सेन्सर लावलेले असतात. बारीकशी थरथरही ते पकडतात, आणि ती नेटवर्कवरून लगेच दोन ठिकाणी दिसते. दादाच्या स्क्रीनवर आणि साहेबांच्या केबिनमध्ये.

चाचणीआधी एक रीत होती. एकाने आत जाऊन प्रत्येक सेन्सरवर बोटाने ठोकायचं.

टक टक... टक.

स्क्रीनवर त्या सेन्सरची रेघ उडाली की दादाने उघड्या दारातून ओरडायचं, "आला!" मगच पुढचा. आधी चाकाच्या बेअरिंगचा, मग चौथऱ्याचा, मग भिंतीचा, शेवटी दाराचा. दाराचा झाला की माणूस बाहेर.

ठोकायला जायचे दादाचे साडू. वहिनीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस मिश्कील, पण कामात पक्का. कधी कधी मुद्दाम ठोकायचेच नाहीत. दादा सवयीने "आला" म्हणाला की आतून विचारायचे, "कोण आला? आपले सासरे? बघून बोला, साडूभाऊ. खोट्या 'आला'वर मी जागचा हलणार नाही."

एक दिवस बेअरिंगचा सेन्सर वेडावाकडा सिग्नल देत होता. साडू परत आत गेले, चाकामागे वाकून ठोकू लागले. केबिनमध्ये साहेबांना उशीर होत होता. त्यांनी तिथूनच स्क्रीनवरच्या सेन्सरांच्या यादीतून बेअरिंगची ओळ काढून टाकली.

राहिलेल्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या, म्हणजे चाक फिरवायला मोकळीक.

साहेबांनी बटण दाबलं. दार आपोआप लागलं. दादा दारावर मुठी आपटत राहिला, आणि आत साडू "आला" ऐकायची वाट बघत उभे राहिले...

चाक फुटलं.

चौकशीत साहेबांनी हात वर केले. "फालतू सिग्नल येत होता, काढून टाकला. माणूस आत आहे हे मला काय स्वप्न पडलं होतं?" परवानगीशिवाय आत गेला, चूक त्याचीच, असं ठरलं. दादा घसा फोडून सांगत होता. कोण ऐकतो? मेहुणी मात्र प्रत्येक भेटीत एकच विचारायची, "भावजी, ते बाहेर का नाही हो आले?"

तर सुरुवातीला सांगितली ती दुपार, या सगळ्यानंतरची. खोली रिकामी होती. चाक नाही, सेन्सर नाहीत. नुसत्या वायरी लोंबत होत्या. वायरी जोडलेली सिग्नलची यंत्रं तेवढी दादा चालू करून बघत होता.

बेअरिंगची रेघ उडाली...

दोनदा. थांबून एकदा.

खोलीत आवाज कसलाच नव्हता. परत तेच. दोन, थांबून एक. दम धरून, वाट बघत.

दादा कसाबसा म्हणाला, "आला."

रेघ शांत झाली.

मग... चौथऱ्याची उडाली.

"आला."

भिंतीची.

"आला." दादा रडायला लागला होता. भीती कुठल्या कुठे गेली होती. त्याला एवढंच कळत होतं, की आता दाराचा राहिला. एक "आला" म्हटलं की माझा माणूस बाहेर.

दाराची रेघ थरथरली...

आणि ओळच गायब झाली.

केबिनमधून साहेब बाहेर आले. हातात अर्धी खाल्लेली पोळी. "अरे, जेवणाच्या वेळी कशाला चालू ठेवलंस? फालतू सिग्नल येत होता. काढून टाकला."

दादाने ओळ परत लावली.

रेघ सपाट.

पण आता आवाज येऊ लागला. उघड्या दाराच्या चौकटीतून, हाताच्या अंतरावरून.

टक टक... टक.

"आला!" दादा ओरडला. "आला हो, साडूभाऊ, आला! या बाहेर!"

टक टक... टक.

रेघ हलली नव्हती. दादाचा 'आला' खोटा होता, आणि साडूंना ते कळत होतं. साहेब म्हणाले, "तू जरा घरी जा. सुट्टी घे." त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

दादाने सुट्टी घेतली नाही. बदली मिळत होती, तीही नाकारली. अजून रोज दुपारी जेवणाचा डबा न उघडता त्या एका रेघेकडे बघत बसतो. आवाज येतो. रेघ हलत नाही.

परवा मेहुणी घरी आली होती. जाताना चपला घालता घालता तिने परत तेच विचारलं.

दादा काय सांगणार तिला? दारापर्यंत आलेत म्हणून?