रिकामी गाडी मापायची नाही

बदलापूर गावातल्या आमच्या घरापुढे पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांची लाल स्पोर्ट्स कार असते. अण्णा म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका सिंधी शेठकडून त्यांनी ती भंगारात उचलली आणि नट न् नट सोडवून घरीच उभी केली. सीटा दोनच. रविवारी अण्णा आणि आई बारवी धरणाकडे फिरायला जायचे, मी ओट्यावर. निघताना आई पदर सावरत ओरडायची, "अंधाराच्या आत येतो रे, विनू!" काय राग यायचा तेव्हा! आता तो रागसुद्धा हवासा वाटतो.

अण्णा गेल्या वर्षी गेले. आईचं हृदय थकलंय. तिचा एकच हट्ट, त्याच गाडीतून एकदा बारवीला ने. पण गाडी डावीकडे ओढत होती, आणि धरणाच्या वळणांवर डावीकडे खोल उतार. स्टेशनजवळच्या अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये या गाडीचं नावच नाही. म्हटलं खड्ड्यात गेला तुझा कॉम्प्युटर, घरीच करतो, अण्णांसारखं.

दोन्ही अंगांना चाकांच्या उंचीवर दोरी ताणायची, दोरीपासून रिमपर्यंत पट्टी लावायची, आणि स्टिअरिंगपासून चाकाला जोडलेला टाय रॉड थोडा थोडा फिरवत चाकं सरळ आणायची. अण्णांचा दंडक असा, की रिकामी गाडी मापायची नाही, बसणारी माणसं बसवूनच मापायची. तेव्हा ते दोघं बसायचे आणि पट्टी माझ्या हातात असायची.

आई डावीकडे बसली. उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागी, मी तांदळाच्या गोणी रचल्या. सकाळभर माप जुळेना. डोकं फिरायची वेळ आली.

"त्या गोणी काढ," आई म्हणाली. "ते कुठे बसतील?"

"आई, उगाच काहीतरी बोलू नकोस हं."

पण काढल्या. गाडीची उजवी बाजू वर आली. मग स्प्रिंग करकरली आणि ती बाजू हळूहळू पुन्हा खाली बसली.

तपकिरीचा वास आला. अण्णांशिवाय आमच्याकडे कोणी तपकीर ओढत नव्हतं.

"आता घे माप."

पहिल्याच फटक्यात जुळलं. जुन्या स्प्रिंगा, करतात असं, मी स्वतःला बजावलं. चालवायला बसलो तर सीट उबदार. पत्रा तापलाय, दुसरं काय!

बारवीच्या रस्त्याला गाडी सुतात चालली. आई इतकी हसली की मला भरून आलं. धरणाजवळ तिला भाजलेलं कणीस हवं होतं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकून उतरलो.

कणसं घेऊन वळलो. उजवी बाजू अजून खालीच होती.

आई रिकाम्या सीटकडे तोंड करून काहीतरी सांगत होती. लाजत होती.

"आई!"

इंजिन सुरू झालं.

मी खिसा चाचपला. किल्ली होती.

आईने माझ्याकडे बघत पदर सावरला. "अंधाराच्या आत येतो रे, विनू!"