माझ्यापुढची नारिंगी जर्सी

आधीच सांगतो, हे घडलेलं आहे. गंमत म्हणून वाचणार असाल तर इथेच थांबा. मला राग येतो.

मला डुलकी लागली नव्हती. ऊन लागलं नव्हतं. दारूला मी शिवत नाही. हे सगळं विचारून झालंय लोकांचं, त्यामुळे कृपा करून परत विचारू नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, शनिवार, दुपारची चारची वेळ. लख्ख ऊन होतं. सुरगाण्याच्या पुढे गुजरातची हद्द लागते, त्याच्या आधी एक छोटा घाट आहे. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. का, ते शेवटी कळेल.

मी नाशिकरोडला राहतो. एका शाळेत क्लार्क आहे. वय पन्नाशीच्या आसपास, आणि सायकलचं वेड. आमचा छोटासा ग्रुप आहे. हायवेला जायचं नाही, गावागावांतले शांत रस्ते धरायचे, हा आमचा नेम. त्या वेळी आम्ही चौघं निघालो होतो. महेश आमचा म्होरक्या. बँकेतली निकिता. मी. आणि माझा मेहुणा रवी, माझ्या बायकोचा, साधनाचा, धाकटा भाऊ.

दिंडोरी, वणी, सुरगाणा, मग हद्द ओलांडून गुजरातेत मुक्काम. तिथून दमण. समुद्र बघायचा आणि परत.

रवीची ही पहिलीच लांबची राइड. साधनाचा जीव खालीवर होत होता. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलंय. निघताना तिने मला फाटकापाशी थांबवलं आणि म्हणाली, त्याच्याकडे लक्ष ठेवा. मी म्हणालो, अगं, मी शेपूट आहे. तो माझ्या नजरेआड होणारच नाही.

शेपूट म्हणजे काय ते सांगतो.

ग्रुपमध्ये एक जण सगळ्यात मागे राहतो. त्याने शेवटच्या माणसाला कधीच ओलांडायचं नाही. तो थांबला की आपण थांबायचं, तो रडतखडत चालला की आपणही तसंच चालायचं. इंग्रजीत काहीतरी चांगलं नाव आहे त्याला, पण आम्ही शेपूटच म्हणतो. रवी दिवसभर मला त्यावरून चिडवत होता. दाजी, शेपूट हलवा जरा, माश्या बसतायत. असलं काहीतरी. पोरगं सारखं बोलायचं. चढावर धाप लागली तरी तोंड बंद नाही.

घाट सुरू झाला तेव्हा महेश आणि निकिता बरेच पुढे गेले होते. पहिल्याच चढाला माझी चेन उतरली. मी रवीला म्हणालो, तू हो पुढे, लय बसली तर मोडू नको, मी गाठतो तुला. तो वळणापलीकडे गेला.

मी खाली बसून चेन चढवत होतो.

आणि एकदम... सगळं गप्प झालं.

पाखरं, पाचोळा, लांब कुठेतरी चाललेला पाण्याचा पंप. काहीच नाही. कानाला दडे बसल्यासारखं झालं. मी मान वर करून बघितलं, मग म्हटलं असेल, आणि हात पुसून निघालो.

वळण घेतलं.

पुढच्या वळणावर नारिंगी जर्सी दिसली. रवीचीच. आमच्या ग्रुपची. बरं वाटलं. मी त्याच्या मागे लागलो.

त्या घाटात दोन्ही बाजूंना साग आहे. रस्त्यावर वाळलेल्या पानांचा खच पडलेला. माझ्या चाकाखाली ती पापडासारखी मोडत होती. कर्र, कर्र.

त्याच्या चाकाखाली...

काहीच आवाज नव्हता.

हे मला तेव्हा जाणवलं, पण मनात शिरलं नाही. माझ्या मनात निराळंच होतं. वाटलं, पोरगं रुसलंय. मी त्याला माझ्यासाठी थांबू दिलं नाही म्हणून. कारण तो बोलत नव्हता. एक शब्द नाही. मागे वळून बघणं नाही. मी जोर लावला की तोही तेवढाच पुढे. मी हळू झालो की तोही हळू. अंतर हलायला तयार नाही.

मी हाक मारली.

"रव्या, दमानं. मागंच आहे मी."

मग पुढून आलं...

"हो दाजी."

त्याचाच आवाज. शंभर टक्के त्याचाच. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. मग मीच बडबडत राहिलो. पाणी पी, गिअर उतरव, आता थोडंच राहिलंय. दर वेळी पुढून तेच यायचं. हो दाजी. तेवढंच.

वर एक एकटं घर लागलं. ओट्यावर कुत्रं झोपलेलं. सायकलवाल्यांना विचारा, कुत्रं सायकल सोडत नाही. नारिंगी जर्सी त्याच्या नाकासमोरून गेली. कुत्र्याने कान हलवला नाही.

मी आलो तर अंगावर धावून आलं.

तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण काय करणार? तो पुढे, मी मागे. शेपटाने सोडायचं नसतं. मी त्याच्या पाठीवरची नजर हलवली नाही. रस्त्याच्या कडेला, खाली, कुठेही बघितलं नाही.

घाट संपतो तिथे हद्दीची पाटी आहे आणि एक चहाची टपरी. मी डोळ्यांनी बघितलं. नारिंगी जर्सी टपरीकडे वळली.

मी मागोमाग पोचलो.

बाकावर महेश आणि निकिता चहा पीत बसले होते. महेशने माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "रवी कुठाय?"

मी म्हणालो, आत्ताच आला की माझ्या पुढे.

महेश म्हणाला, "कोणीच आलं नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी टपरीच्या मागे जाऊन बघितलं. रस्त्यावर पुढे पळत गेलो. सरळ, उघडा रस्ता. लांबपर्यंत चिटपाखरू नाही. परत आलो तेव्हा निकिता कप खाली ठेवून उभी राहिली होती. माझा चेहरा बघूनच ती घाबरली असणार.

टपरीवाल्याची पिकअप होती. तिच्यात बसून आम्ही उलटे निघालो. मी दोन्ही बाजूंना हाका मारत होतो.

पार खाली सापडला. पहिल्या वळणाला. माझी चेन उतरली तिथून दगड भिरकावला तर पोचेल, इतक्या जवळ. खडीवर चाक घसरून तो कडेवरून खाली गेला होता. एक म्हातारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भागीबाई तिचं नाव. सरपणाला आली होती. ती त्याच्या ओठांना पाणी लावत होती.

मी धडपडत उतरलो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

म्हणाली, "तूच गेला ना वरून? पोरगं कवाचं हाका मारतंय तुला."

मी एकही हाक ऐकली नव्हती. देवाशपथ सांगतो, एकही नाही.

मी विचारलं, मग मावशी, तुम्ही का नाही मला आवाज दिला? तिने मान खाली घातली. रवीच्या केसांतली माती काढत राहिली.

"देणार व्हते. पण तू वर एकटा नव्हता. ह्योच वर बोलत व्हता, न् ह्योच माझ्या मांडीवर. मंग माझी वाचाच बसली."

पिकअपमधून सुरगाण्याला, तिथून अॅम्ब्युलन्सने नाशिकला. आतून फार मार लागला होता. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, पण आमच्याकडे नीट बघतही नव्हते. साधना रात्रभर त्याच्या उशाशी होती. पहाटे त्याला शुद्ध आली. मला बघून तो रडायला लागला. मीही रडलो.

म्हणाला, "दाजी, मी खाली पडलो होतो. ओरडत होतो. तुम्ही वरून गेलात. तुम्ही म्हणालात, रव्या, दमानं, मागंच आहे मी."

मी त्याचा हात धरला.

"आणि वरून मीच म्हणालो... हो दाजी."

साधनाने ऐकलं. दुपारपर्यंत तो गेला.

मला वाटलं होतं ती मला दोष देईल. घर सोडून जाईल. मी तयारच होतो. दोष दिला असता तर परवडलं असतं. पण तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त एकच गोष्ट विचारत राहिली. जेवताना, झोपताना, भाजी निवडताना. आवाज त्याचाच होता ना? अगदी त्याचाच? आणि मी मूर्खासारखा खरं सांगत राहिलो. हो, त्याचाच.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "मला तिथं घेऊन चला. त्याने हाक मारली तेव्हा मी जवळ नव्हते. आता मी मारते. एकदाच 'हो ताई' ऐकू दे मला."

मी समजावलं. भांडलो. हातापाया पडलो. तिने शांतपणे सांगितलं, तुम्ही नाही आलात तर सुरगाण्याची एसटी आहे.

म्हणून मी हो म्हणालोय. उद्या निघायचंय. ती आत त्याच्या आवडीचे लाडू भरतेय डब्यात, गुणगुणतेय. वर्षभरात पहिल्यांदा गुणगुणतेय ती, आणि इथे मी हे लिहीत बसलोय.

ती हाक मारेल. पुढून उत्तर येईल. हे मला पक्कं माहीत आहे.

मग ती त्याच्या मागे जायला लागेल. आणि साधनाला माझी एकही हाक ऐकू येणार नाही.