चार पुडांचा डबा

धडाम! शटर खाली आलं आणि बाहेरून कुलूप लागलं.

“मामा! आमी आतच हाओत!” हरिओम ओरडला. त्याचे रामरावमामा एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या गोदामाचे रखवालदार. पण शेजारच्या रोलिंग मिलच्या धडधडाटात त्याचा आवाज कोण ऐकणार?

मदतीला बोलवायची गोदामाची घंटी वाजत नव्हती. मामांचा मात्र एकच हेका, “घंटी बराबर हाये!” तिचा बिघाड शोधायलाच अक्षता, तिचा भाऊ संघपाल आणि हरिओम सुट्टीत इथं आले होते. आता तिघंही कोंडले गेले!

“ताई, मामा दुपारी शटरखालच्या फटीतून गोळ्या टाकणार हायेत,” संघपाल म्हणाला. “मला वाटलं, लिमलेटच्या!”

“येड्या, किडे मारायच्या गोळ्या त्या! त्यांचा वायू आपल्यालाही सोडत न्हाई!”

पत्रे तापले होते, बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

“डबा उघड, जल्दी!” अक्षता संघपालला म्हणाली.

जेवणाचा जुना डबा घेऊन तिनं त्याचं वायरी तपासायचं टेस्ट बेंच केलं होतं. एका पुडात बॅटरी, दुसऱ्यात बझर, तिसऱ्यात मीटर, चौथ्यात चिमटे लावलेल्या लांब वायरी. जो पूड बिघडेल तेवढाच बदलायचा!

घंटी बॅटरीवरची, म्हणजे झटक्याची भीती नव्हती. बटणापासून निघालेली वायर ती जोडाजोडाला तपासू लागली. वायर धड असेल तर बझर वाजणार.

पहिला जोड. टूंऽऽ! दुसरा. टूंऽऽ! तिसरा... चिडीचूप!

“हितंच तुटली! पोती सरकवा!”

पोत्यांमागं उंदरांनी वायर कुरतडली होती. तेवढ्यात शटरखालच्या फटीत पावलांची सावली हलली. अक्षतानं कशीबशी टोकं पिळली. “दाब, हरिओम!”

घणघणघण!

शटर खडखडत वर गेलं. गळ्यात मास्क, हातात गोळ्यांची डबी घेतलेले रामरावमामा पांढरेफटक पडले होते.

“तुमी डबा घेऊन निघाल्ते ना! मला वाटलं, लिंबाखाली जेवायला गेले. मी आत डोकावलंच न्हाई रे!”

त्यांच्यामागून गोदामाच्या मॅनेजर चतुराबाई धावत आल्या. “आन् घंटी बराबर हाये म्हनून सांगत व्हते तुमी!” त्या मामांवर कडाडल्या. मग त्यांनी अक्षताला पोटाशी धरलं. “शाबास, पोरी! तिघांचेही जीव राखलेस तू.”

इतका वेळ धीर धरलेली अक्षता तेव्हा कुठं हमसून हमसून रडली.