कप्प्यातला कोरडा पॉड

"बाय, हातावर पानी घालून जा," असं ठमीमावशी म्हणाली, तेव्हा सुचिताच्या कडेवर चौदा महिन्यांची चिनू होती, मोकळ्या हातात घराच्या चाव्या होत्या आणि दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

रेवदंड्याच्या त्या भाड्याच्या घरात ठमीमावशीने दोन वर्षं भांडी घासली. सुचिताच्या नवऱ्याची, कुलदीपची, बदली झाली आणि बिऱ्हाड माणगावला निघालं. शेवटची कढई राखेने, काथ्याने घासून मावशीने ओट्यावर पालथी घातली आणि ओले हात तसेच मोरीवर पुढे धरून उभी राहिली. तिच्याकडे म्हणे रीतच होती. घर सोडताना बाईने भांडीवालीच्या हातांवर तांब्याभर पाणी घालायचं, म्हणजे हात मोकळे होतात. नाहीतर ते कामाच्या मागे मागे जातात.

"तांबे सगळे खोक्यात गेले हो मावशी," सुचिता म्हणाली. "पुढच्या खेपेला आले की घालते."

"मी कुटं येत न्हाय तुज्या मागं. हात येईल," मावशी हसत म्हणाली. टेम्पो वळेपर्यंत तिने हात खाली घेतले नव्हते, हे सुचिताने पाहिलं आणि सोडून दिलं. ती रसायनशास्त्राची पदवीधर. असल्या गोष्टी तिच्या डोक्यात फार वेळ टिकत नसत.

माणगावात भांडीवाली मिळेना, म्हणून डिशवॉशर आलं. सुचिता मुळातच धास्तावलेल्या जिवाची. तिने माहितीपुस्तक परीक्षेला वाचावं तसं वाचलं. साबणाचा पॉड कोरड्या हातानेच उचलायचा. त्यावरचा पातळ पापुद्रा सोलायचा नाही, तो पाण्यात आपोआप विरघळतो. भांड्यांत नुसता टाकायचा नाही, दारातल्या कप्प्यात ठेवून झाकण लावायचं. एका खेपेला एकच. आणि डबा लहान मुलांपासून दूर. ही शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. निळा-हिरवा, मऊ, चमचमता पॉड म्हणजे हुबेहूब जेलीची गोळी, आणि चिनू तर जमिनीवरची मुंगीसुद्धा तोंडात घालणारी. डबा वरच्या फळीवर गेला.

पहिल्या दुपारी मशीन थांबलं. सुचिताने दार उघडलं. वाफ अंगावर आली. ताटं लखलखत होती. कप्प्याचं झाकण उघडलेलं होतं आणि आत पॉड होता तसाच बसला होता. तिने बोट लावून पाहिलं. कोरडा. आजूबाजूला दारावरून पाणी निथळत होतं आणि तो साधा चिकटही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. तिने खालच्या ट्रेतल्या परातीचं तोंड फिरवलं, म्हणजे झाकण अडायला नको. पाण्याची उष्णता वाढवली. नवा डबा आणला.

"एकाच पॉडवर महिना निघेल आणि तू रडतेस," कुलदीप म्हणाला. "भांडी स्वच्छ आहेत ना, सुची?"

भांडी स्वच्छ होती हेच तर तिला खुपत होतं. कढईचं बूड, जिथे कुठल्याही मशीनचा हात पोचत नाही, ते चांदीसारखं निघालं होतं आणि त्यावर बारीक गोल गोल चरे होते. नाक जवळ नेलं की साबणाचा वास यायचा नाही. राखेचा यायचा, आणि ओल्या काथ्याचा.

दुरुस्तीला शुभम नावाचा मुलगा आला. त्याने मशीन रिकामं चालवलं. पॉड विरघळला, कप्पा धुऊन निघाला.

"मॅडम, मशीन एकदम ओके आहे."

"रिकामं असताना ओके आहे," सुचिता म्हणाली.

"मग भांडी नका लावू," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत जिना उतरला.

हळूहळू तिला या सगळ्याची सवय झाली. दुपारी मशीनची घरघर चालू असायची, पडद्यातून पिवळं ऊन फरशीवर उतरायचं आणि घरात राखेचा तो मंद वास पसरायचा. चिनू मशीनसमोर फतकल मारून बसायची आणि गुणगुणायची. तिला कोणी तरी सूर लावून देत असल्यासारखी मध्येच थांबायची, मग पुढे चालू.

एका मंगळवारी सुचिता पॉड काढत असताना बेल वाजली. कुरिअरवाला. डबा तिने खाली ठेवला, मशीनच्या शेजारी, झाकण उघडंच. एक सही करायची, दीड मिनिटाचं काम.

परत आली तेव्हा चिनूच्या मुठीत पॉड होता आणि मूठ ओठांना लागली होती.

सुचिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती. मधे चार पावलं. लाळेने पापुद्रा सुटायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. आतला साबण घशाचं काय करतो तेही. पाय उचलला जाईना.

तेवढ्यात चिनूची मूठ ओठांपासून दूर झाली.

मग उघडली. आधी करंगळी, मग शेजारचं बोट, मग मधलं. लहान मुलाच्या हातून मोठं माणूस काही काढून घेतं, न रडवता, तशी.

पॉड खाली पडला नाही. हवेतून सावकाश गेला आणि ओट्यावर जाऊन टेकला.

सुचिताने पोरीला उचललं, तोंडात बोट घालून पाहिलं, जिभेखाली, गालात. काही नव्हतं. चिनूचा तळवा कुणीतरी नुकताच पुसल्यासारखा ओला होता. गालावर राखेचं एक बोट उमटलं होतं. ती आईकडे बघतच नव्हती. आईच्या खांद्यावरून मागे बघून हसत होती.

सुचिताने रेवदंड्याला फोन लावला.

"बरी हाय गो," ठमीमावशी म्हणाली. "आताच मासली वालत टाकीत व्हते, तर उजवा हात घडीभर न्हवताच बग. म्हंजे व्हता, पन माजा न्हवता. थंडगार. डाक्टर म्हनतो शीर दबली."

सुचिता चिनूच्या गालावरचं राखेचं बोट पुसत होती.

"रोज दुपारचं व्हतं," मावशी म्हणाली, आणि आवाज उतरवून, "बाय, तुला ठावं हाय. रविवारी येऊन जा. पानी घाल. बाकी काय नको मला."

"येते," सुचिता म्हणाली. म्हणताना ती खरंच म्हणत होती.

पण शनिवारी रात्री झोपलेल्या चिनूकडे बघता बघता तिच्या मनात आलं: हात मोकळे झाले तर मग दीड मिनिटाचं काय? प्लगची भोकं, बाल्कनीचे गज, पाण्याची बादली. अशी किती दीड मिनिटं असतात एका दिवसात. तिने कुलदीपला सांगितलं की चिनूला सर्दी वाटतेय, पुढच्या रविवारी जाऊ.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच आलं नाही, तरी ती गेली नाही.

आणि खरं सांगायचं तर चिनूच्या जन्मानंतर ती पहिल्यांदाच दुपारची झोपू लागली. मशीन लावायची, पोरीला चटईवर सोडायची आणि डोळे मिटायची. अर्धवट झोपेत थोपटल्याचा आवाज यायचा. जागी व्हायची तेव्हा चिनू पांघरुणात नीट गुंडाळून निजलेली असायची आणि पांघरुणाची कड ओली असायची.

मावशीचे फोन यायचे. आधी कुरकुर, मग थट्टा. "घास उचलते नि त्वांडापर्यंत येईस्तोवर हात निगून जातो. कावल्याची चंगल हाय." मग एकदा म्हणाली, "आता दोन्ही जातात. सकालपास्नं जातात." तिचा नवरा केव्हाच गेलेला. लेक दूर, वर्षाला एकदा यायची. तिला जेवू कोण घालतं, हे सुचिताने विचारलं नाही. शेवटच्या वेळी मावशीने रविवारचं नावच काढलं नाही. विचारलं फक्त, "पोर बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

ही चार दिवसांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर फोन आला नाही.

आज सकाळी सुचिताने नाश्त्याची भांडी लावली. कोरड्या हाताने पॉड ठेवला, झाकण दाबलं. तासाभराने दार उघडलं.

कप्पा रिकामा होता.

पॉड पूर्ण विरघळला होता. पुस्तकात लिहिलंय तसा, पापुद्र्याचा कणसुद्धा मागे न ठेवता. भांड्यांना लिंबाचा वास होता. कढईचं बूड काळं होतं.

चिनू मशीनशेजारी उभी होती. चालायला लागल्यापासून ती एक हात वर करून चालायची, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. आताही हात वर होता. बोटं उघडत होती, मिटत होती. मिटली की रिकामी मूठ बघत होती.

हात मावशीकडे परतले की मावशीच गेली, ते कळेना. सुचिताने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अकरा वेळा लावला. रेवदंड्यातला दुसरा एकच नंबर तिच्याकडे आहे, घरमालकाचा, आणि तो मुंबईला असतो.

ती निघाली आहे. चिनूला घेऊन एस.टी.त बसली आहे. पण गाडी गावोगाव थांबते आणि पुढे बदलायचीही आहे. पोचायला दुपार टळेल. म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी रेवदंड्यात असेल, किंवा अलिबागच्या रिक्षाने तिकडे निघालं असेल, तर मासळी वाळवतात त्या पटांगणाच्या मागे जा. शेवटचं कौलारू घर, दाराला आडणा नाही, ढकललं की उघडतं. आधी हाक मारा. ठमीमावशी आतून म्हणेल, मी बरी हाय, तुमी जावा. ती सगळ्यांना तेच सांगते. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, आणि तिला हात दाखवायला सांगा.