अर्शकाची जादा माती

पार्थवांच्या देशात गादीवर कोणीही बसो, त्याचं नाव अर्शकच. बाप अर्शक, मुलगा अर्शक, भावाने भावाला बाजूला सारलं तर तोही अर्शक. त्यामुळे राजा मेला असं तिथे कोणी म्हणत नसे. दाढी बदलली म्हणत. निसाच्या किल्ल्यात मिहरक तेवीस वर्षं राजांचे पुतळे घडवत होता. दाढी बदलली की तो धड तेच ठेवी आणि मुंडकं नवं बसवी.

सध्याच्या अर्शकाने माद देश जिंकला, बाबिलोन जिंकलं, आणि आता तो दक्षिणेला एलमच्या डोंगरांत लढत होता. मिहरकने त्याला कधी पाहिलं नव्हतं. वरून आलेल्या चुन्याच्या मुखवट्यावर त्याचं काम चाले. मिहरकचा एकुलता एक मुलगा बख्त मात्र राजाला रोज बघत असणार, पाठमोरा का होईना, कारण तो तिरंदाज स्वारांत होता. नऊ महिने त्याचा निरोप नव्हता.

मिहर देवाच्या सणाला राजा निसात यायचा होता. त्यासाठी गोल दालनात दीड पुरुष उंचीचा पुतळा उभा राहत होता. लाकडाचा सांगाडा, त्यावर बोरूच्या काड्या, त्यावर माती. एकदा रंग चढला की हात लावायचा नाही. तोवर ओली फडकी टाकून माती मऊ ठेवायची.

एका सकाळी फडकं काढलं तर राजाचं नाक बसकं झालं होतं. माती खचली असेल म्हणून मिहरकने ते नीट केलं. दुसऱ्या सकाळी नाक जागेवर होतं, पण कान बाहेर आले होते.

किल्ल्याचा कारभारी वहूमन पुतळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. महाराजांचे कान असे कधीपासून, असं त्याने विचारलं. मिहरक म्हणाला, हवा दमट आहे. दमट हवेने कान फुटतात हे वहूमनला पटलं नाही. कोणीतरी पहारेकरी आपलं तोंड मातीत दाबत असणार, असा त्याचा कयास. त्याने सगळ्या पहारेकऱ्यांना रांगेत उभं करून एकेकाचं नाक पुतळ्याशी ताडून पाहिलं. एकाचंही जुळलं नाही. एक जण मात्र राजासारखा दिसतो म्हणून घरी पाठवला गेला.

तिसऱ्या सकाळी मातीत कालवायचा भुसा घेऊन दातीन आली, आणि तिच्या हातातली पाटी पडली. पुतळ्याच्या भुवईत एक जुना व्रण होता.

"हा माझा गोशक," ती म्हणाली.

"बाई, हा अर्शक आहे," वहूमन म्हणाला.

"मग अर्शक काय सातव्या वर्षी तुतीवरून पडला होता?"

वहूमनने विचार केला. "पडले असतील, तर ते गुपित असणार."

त्या दिवसापासून बाराव्या दिवशी एलमहून स्वार आला. गोशक लढाईत पडला होता. कुठे पडला ते स्वारालाही सांगता येईना.

तोवर आणखी अकरा चेहरे येऊन गेले होते, प्रत्येक एकदाच. रोज उजाडताच गावातल्या बायका दालनाच्या दारात उभ्या राहू लागल्या. प्रेत टेकडीवरच्या शिळेवर ठेवायचं, पक्ष्यांनी आपलं काम करायचं, मग चौथ्या पहाटे जीव पलीकडे जातो, अशी तिथली रीत. प्रेतच नाही तर जीव अडकून राहतो. म्हणून दातीनने चेहऱ्याची माती मागून घेतली आणि ती शिळेवर ठेवून आली. मग सगळ्याच मागू लागल्या. दुपारपर्यंत महाराजांची हनुवटी जागेवर आली पाहिजे, एवढ्याच अटीवर वहूमनने परवानगी दिली. देताना तो न चुकता म्हणे, "ही अर्शकाची जादा माती आहे. बाकी काही नाही."

मिहरकची बायको अनोशी रोज यायची, खांबाला टेकून बघायची आणि घरी जायची. जेवताना ती म्हणे, "आज नाही." मिहरक म्हणे, "आज नाही." मगच दोघं भाकरी मोडत.

सणाला अकरा दिवस उरले होते. मिहरक लवकर गेला, फडकं काढलं, आणि समोर बख्त होता.

डावी भुवई उजवीपेक्षा वर, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी. ओठ फुटलेले. दाढीचे केस नुकते दाट व्हायला लागलेले. मिहरकने कोरणी उचलली आणि परत ठेवली. मग ओल्या तळव्याने त्याने तो चेहरा पुसला, निघालेली माती रांजणामागे ठेवली आणि राजा घडवायला बसला. घरी निघताना त्याने हात धुतले.

त्या दिवशी जेवताना अनोशी म्हणाली, "आज नाही."

"आज नाही," मिहरक म्हणाला.

दुसऱ्या सकाळी फडक्याखाली चेहराच नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत माती मळलेल्या कणकेसारखी गुळगुळीत. तिसऱ्या सकाळी तेच. मिहरक रोज नव्याने राजा घडवी, बायका येऊन राजाला बघत आणि परत जात. वहूमन खूश होता. महाराज स्थिरावले, असं त्याने वर कळवलं.

रंग द्यायच्या दिवशी पहाटेपासून मिहरकला झोप लागेना. अनोशी पाणी आणायला गेली होती. तोही उठून दालनात गेला.

अनोशी फळीवर उभी होती. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. तिच्या तळव्याखाली अर्धा चेहरा पुसला गेला होता. डावी भुवई उरली होती.

मग तिने हात खाली घेतला.

"तुम्ही पहिल्या दिवशी हात धुऊन घरी आलात," ती म्हणाली. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग तू कशाला पुसत होतीस?"

"तुम्हाला तो दुसऱ्यांदा पुसायला लागू नये."

बाहेर उजाडत होतं.

"रोज जरा वाळलेला यायचा," अनोशी म्हणाली. "दहा दिवस अडवून ठेवलाय आपण त्याला."

वहूमन रंगाऱ्याला घेऊन आला. त्याने पुतळ्याकडे पाहिलं, अनोशीच्या हातांकडे पाहिलं. या वेळी तो अर्शकाचं नाव बोलला नाही. रंग उद्या लावू, एवढंच म्हणाला आणि रंगाऱ्याला घेऊन गेला.

रांजणामागची माती आणि त्या सकाळची माती मिळून भाकरीएवढा गोळा झाला. अनोशीने तो फडक्यात बांधला आणि तळहातावर घेतला.

वेशीपर्यंत तिने हात बदलला नाही.

डाळिंबाच्या बागांपाशी तिने गोळा छातीशी धरला. चढ लागला तशी ती थांबली. मिहरकने तो घेतला, आणि वीस पावलांत त्याचे खांदे भरून आले.

गोळा भाकरीएवढाच होता.

त्यांनी तो गवतावर ठेवला, श्वास घेतला आणि दोघांनी मिळून उचलला. अनोशी पुढे, मिहरक मागे. चालता चालता दोघांत एका माणसाच्या लांबीचं अंतर पडलं, तरी दोघांच्याही हातांत वजन होतं.

पायवाट वळली, तिथे दगड निसरडे होते.

"पाय सांभाळा त्याचे," अनोशी मागे न बघता म्हणाली.

मिहरकने ते नीट धरले.